राइट कॉलने फाइलमध्ये नोंद कशी लिहायची: हळदीच्या काट्यावरून

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की काट्याला उसंत नसते. पोतं काट्यावर चढतं, आकडा स्थिर होतो, मापाडी बटण दाबतो, काटापट्टी छापून येते, पोतं उतरतं. अडत दुकानांतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना छोटा लिनक्स संगणक जोडायचा आणि प्रत्येक वजनाची नोंद फाइलमध्ये ठेवायची, हे माझं काम. प्रोग्रॅम सी भाषेत असतो आणि नोंद लिहिण्यासाठी मी थेट राइट हा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला सरळ काम सांगणारा कॉल, वापरते.

नवीन शिकणारी मुलं विचारतात, एफप्रिंटएफ हे सी भाषेतलं तयार फंक्शन असताना इतक्या खाली कशाला उतरायचं? कारण शेतकऱ्याच्या हातातली पट्टी आणि फाइलमधली ओळ यांत फरक पडता कामा नये. एफप्रिंटएफ तुमचा मजकूर आधी प्रोग्रॅमच्याच मेमरीत, स्वतःच्या बफरमध्ये साठवतं. फाइलसाठी हा बफर साधारण ४०९६ बाइटचा असतो. एक नोंद वीस-पंचवीस बाइटची, म्हणजे दीडशेहून जास्त पोती तोलून होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमला त्यातलं एक अक्षरही कळलेलं नसतं. एका दुकानात आधीपासून बसवलेला प्रोग्रॅम असाच चालायचा. दुपारी लाइट गेली, परत आली, आणि फाइलमध्ये शेवटची नोंद सकाळचीच. पट्ट्या मात्र गठ्ठ्याने छापलेल्या. दिवाणजींनी त्या कार्बन कॉपीवरून रात्री वहीत उतरवून काढल्या.

एफफ्लश मारून तो बफर रिकामा करता येतो, हे खरं. पण तेव्हाही आत शेवटी राइटच बोलावला जातो आणि त्यात काय घडलं याचा तपशील तुमच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून सरळ राइट.

इथे कॉलची नावं मी देवनागरीत लिहिते. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत करायची. मॅन पान, म्हणजे कॉलच्या माहितीचं पान, उघडताना मात्र 'मॅन २ राइट' असं म्हणायचं, मधला २ विसरायचा नाही. नुसतं 'मॅन राइट' केलं की दुसऱ्या युजरच्या टर्मिनलवर निरोप पाठवणाऱ्या राइट नावाच्या कमांडचं पान उघडतं आणि माणूस गोंधळतो. सिस्टिम कॉल दुसऱ्या भागात असतात, ही मांडणी १९७१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासूनची आहे, आणि राइट तेव्हापासून तिथे आहे.

आधी फाइल उघडा

ओपनला तीन गोष्टी द्यायच्या: फाइलचं नाव, ती कशी उघडायची ते, आणि नवी तयार होणार असेल तर परवानग्या.

एफडी = ओपन("वजन.टीएक्सटी", ओ_राइटओन्ली | ओ_क्रिएट | ओ_अपेंड, ०६४४)

ओ_ ने सुरू होणारे हे पर्याय म्हणजे झेंडे. पहिल्या दोन झेंड्यांची स्पेलिंग हेडर फाइलमध्ये आखडलेली आहेत, क्रिएटचा शेवटचा ई तर नाहीच. ती मॅन पानावर बघून टाइप करा, नाहीतर कंपायलर अडवेल. ते बरंच, अडवतो तरी. परवानग्यांच्या बाबतीत कंपायलर अडवत नाही. ०६४४ मधलं पहिलं शून्य गाळून नुसतं ६४४ लिहिलं तर सी भाषा तो दशमान आकडा समजते. त्याचं अष्टमान रूप होतं १२०४. म्हणजे फाइलच्या मालकाला फक्त लिहिण्याची परवानगी, वाचण्याची नाही, आणि परक्या युजरला वाचण्याची आहे! प्रोग्रॅम मजेत लिहीत राहतो, कारण त्याच्याकडे फाइल आधीच उघडलेली असते. संध्याकाळी हिशेबासाठी फाइल उघडायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. आणि ओ_क्रिएट देऊन तिसरी गोष्ट द्यायचीच राहिली, तर परवानग्यांच्या जागी मेमरीत जे काही पडलेलं असेल ते जातं.

ओपन यशस्वी झाला की एक छोटा आकडा मिळतो, तो फाइल डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच घेतलेले असतात, आणि नियम असा की मोकळ्यांतला सर्वांत लहान आकडा द्यायचा. त्यामुळे पहिली फाइल बहुतेक वेळा ३ असते. -१ आला तर पुढे जायचंच नाही.

ओ_अपेंडवर थोडं थांबते, कारण एका दुकानात दोन काटे असतात आणि दोघांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये हव्या असतात. हा झेंडा नसेल तर प्रत्येक प्रोग्रॅम आपापली जागा लक्षात ठेवून लिहितो, आणि एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीवर चढते. एरर येत नाही, एक पोतं नुसतं नाहीसं होतं. ओ_अपेंड दिलं की फाइलचं टोक शोधणं आणि तिथे लिहिणं या दोन्ही गोष्टी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकाच झटक्यात करतं, मध्ये दुसरा कोणी शिरत नाही. अट दोन. फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर हवी, नेटवर्कवरच्या एनएफएस फोल्डरवर ही हमी नाही. आणि पूर्ण ओळ एकाच राइटमध्ये गेली पाहिजे. पावती क्रमांक एका कॉलने, वजन दुसऱ्या कॉलने असं केलंत तर मधल्या फटीत दुसऱ्या काट्याची ओळ घुसणारच. ओळ आधी मेमरीत एसएनप्रिंटएफने पूर्ण जुळवा, शेवटी नवी ओळ हे चिन्ह लावा, मग लिहा.

किती बाइट?

राइटलाही तीनच गोष्टी लागतात: डिस्क्रिप्टर, मजकूर मेमरीत जिथे आहे तो पत्ता, आणि किती बाइट लिहायचे तो आकडा. बाइट, अक्षरं नव्हेत. आपल्या भाषेत काम करणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं.

समजा ओळ अशी आहे: १०४,हळद,५०.२५०. आकडे मी फाइलमध्ये इंग्रजी ठेवते, म्हणजे प्रत्येक आकडा, स्वल्पविराम आणि टिंब एकेक बाइट. पण 'हळद' या तीन अक्षरांना यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येकी तीन, असे नऊ बाइट लागतात. मग हिशेब: क्रमांकाचे ३, स्वल्पविराम १, हळदीचे ९, पुन्हा स्वल्पविराम १, वजनाचे ६, नवी ओळ १. एकूण २१. बोटावर अक्षरं मोजून १५ दिलंत तर वजनाची शेपटी कापली जाते. आणि 'सांगली' लिहायचं तर काना, अनुस्वार, वेलांटी सगळं वेगळं मोजून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट, डोळ्यांना अक्षरं तीनच दिसत असली तरी.

म्हणून मोजायचं काम एसटीआरलेनला द्या, ते बाइटच मोजतं. साइझऑफ देऊ नका. बफर ६४ बाइटचा असेल तर साइझऑफ ६४ च सांगणार, आणि ओळीमागचा कचराही फाइलमध्ये जाणार. मजकुराच्या शेवटचा शून्य बाइटही लिहायचा नाही. तो सी भाषेच्या सोयीसाठी असतो, फाइलला त्याचा उपयोग नाही. एडिटरमध्ये ओळींच्या मध्ये विचित्र चिन्हं दिसू लागली तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

परत आलेला आकडा वाचा

राइट परत येताना आकडा देतं. पुस्तकांतल्या बऱ्याच उदाहरणांत तो आकडा कोणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सगळी माहिती त्यातच असते.

तो आकडा म्हणजे खरोखर किती बाइट घेतले गेले. २१ मागितले आणि २१ आले, छान. २१ मागितले आणि १२ आले, तर ती एरर नाही. १२ घेतले, उरलेले ९ तुम्ही परत द्यायचे. स्थानिक डिस्कवरच्या साध्या फाइलवर असं क्वचित होतं, पण डिस्क भरत आली असेल किंवा फाइलच्या आकाराची मर्यादा गाठली असेल तर होतं. पाइप, सॉकेट, सीरिअल पोर्ट यांवर तर नेहमीचं आहे. लिनक्सवर एका कॉलमध्ये २,१४,७४,७९,५५२ पेक्षा जास्त बाइट जातच नाहीत, कितीही मागितले तरी. वजनाच्या नोंदीला त्याची फिकीर नाही, पण बॅकअपचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आहे. आणि कापलेला तुकडा अक्षराच्या मधोमधही कापला जाऊ शकतो. वरच्या ओळीत १२ बाइट म्हणजे हळदीच्या 'द' चे दोनच बाइट. कर्नलला अक्षर कळत नाही.

-१ आला तर चूक झाली, आणि कोणती ते एररनो सांगतो. एररनो तिथल्या तिथे दुसऱ्या चलात उतरवून घ्या. मध्ये एखादा प्रिंटएफ आला की तो बदलू शकतो. आणि परत आलेला आकडा ठेवायला एसएसाइझ_टी हा चिन्ह असलेला प्रकार वापरा. साइझ_टी मध्ये -१ ठेवला तर तो अवाढव्य धन संख्या होऊन बसतो आणि तुमची तपासणी कधीच लागू पडत नाही.

माझं फंक्शन हे असं, आशय तोच ठेवून मराठीत:

सगळं_लिही(एफडी, जागा, उरले):
    जोवर उरले > ०:
        न = राइट(एफडी, जागा, उरले)
        जर न == -१ आणि एररनो == ई-इंटर: पुन्हा वर जा
        जर न == -१: -१ परत दे
        जागा = जागा + न
        उरले = उरले - न
    ० परत दे

ई-इंटर म्हणजे काही लिहून व्हायच्या आत सिग्नल आला, इतकंच. पुन्हा प्रयत्न करायचा. बाकीच्या चुकांवर आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न करू नका. ई-नोस्पेस म्हणजे जागा संपली. ई-आयओ म्हणजे डिस्कच कुरकुरतेय, मेमरी कार्ड बदला. जागा संपल्यावर अनेकदा असं होतं की आधी अर्धवट लिहिलं जातं, -१ नाही, आणि फेरीत उरलेलं लिहायला गेलं की मग ई-नोस्पेस येतो. फेरीच नसेल तर ती अर्धी ओळ तशीच राहते आणि कोणाला पत्ता नसतो. जाता जाता: ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य युजरसाठी, राखली जाते, त्यामुळे डिस्कवर थोडी जागा दिसत असूनही साध्या युजरच्या प्रोग्रॅमला 'जागा नाही' येऊ शकतं.

पट्टी कधी छापायची

एका दुकानात मशीन बसवत होते. तिथले दिवाणजी चष्मा कपाळावर चढवून बघत होते. त्यांनी विचारलं, "ताई, पट्टी बाहेर आली म्हणजे नोंद झाली, असंच ना?"

"हो काका, तसंच असलं पाहिजे."

"असलं पाहिजे का आहे?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या इंजिनिअरनेही विचारलेला नाही.

राइटने २१ हा आकडा दिला याचा अर्थ एवढाच की तुमचे २१ बाइट कर्नलने स्वतःच्या मेमरीत, पेज कॅशमध्ये घेतले. ती मालाची पोच आहे, माल अजून टेम्पोतून वखारीत उतरायचा आहे. प्रोग्रॅम बंद पडला तरी हे बाइट सुरक्षित, कर्नल ते डिस्कवर नेईल. पण लाइट गेली तर गेले. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला हा मजकूर सुमारे ३० सेकंद जुना झाला की डिस्कवर पाठवायला घेतला जातो, आणि त्यासाठीचा थ्रेड दर ५ सेकंदांनी जागा होतो. तीस सेकंदांत काट्यावर दोन-तीन पोती होऊन जातात.

म्हणून क्रम ठरलेला: आधी सगळं_लिही, मग एफसिंक, एफसिंकने ० दिलं की मगच प्रिंटरला हुकूम. एफसिंक तो मजकूर आणि फाइलची माहिती डिस्कवर पोचेपर्यंत परत येत नाही. नुसत्या नोंदी जोडायच्या असतील तर एफडेटासिंक पुरतं. ते वेळेच्या शिक्क्यासारख्या बिनगरजेच्या गोष्टी मागे ठेवतं, पण फाइलचा वाढलेला आकार नक्की नेतं. याला वेळ लागतो. स्वस्त मेमरी कार्डावर तर कधी कधी डोळ्यांना जाणवेल इतका. सेकंदाला हजारो नोंदी लिहिणाऱ्याने हे प्रत्येक ओळीला करू नये, गट करून करावं. पण पोतं उतरवून दुसरं चढवायला हमालाला जेवढा वेळ लागतो त्यात एफसिंक आरामात बसतं. इथे कंजुषी करायचं कारणच नाही.

नवीन फाइल पहिल्यांदा तयार केली असेल तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डरही उघडून त्यावर एकदा एफसिंक करा. नाहीतर मजकूर डिस्कवर, पण फाइलचं नाव फोल्डरच्या यादीत नाही, असं होऊ शकतं. मी रोज तारखेची नवी फाइल उघडते, त्यामुळे पहाटे एकदा हे आपोआप होतं.

एफसिंकनेच -१ दिलं तर? इथे मन घट्ट करा. 'पुन्हा एकदा एफसिंक करून बघू' हा विचार सोडा. लिनक्समध्ये अपयशी एफसिंकनंतर पेज कॅशमधली ती पानं 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर पोचलेली, समजली जाऊ शकतात, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर कर्नल ० देतं, मजकूर डिस्कवर नसतानाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या हे लक्षात आलं तेव्हा डेटाबेसच्या जगात मोठी खळबळ उडाली. त्यांनी शेवटी पुन्हा विचारणं बंद केलं. एफसिंक फसलं की डेटाबेस थांबवायचा आणि लॉगमधून पुन्हा उभा करायचा. माझ्याकडे यापेक्षा सोपं आहे: पट्टी छापत नाही, लाल दिवा लागतो, मापाडी वहीत लिहितो आणि मला फोन येतो.

लाइट नेमकी लिहिताना गेली तर

एफसिंक चालू असतानाच लाइट गेली तर शेवटची ओळ अर्धी असू शकते. त्या पोत्याची पट्टी छापलेली नसते, त्यामुळे हिशेब चुकत नाही, पोतं परत काट्यावर घ्यायचं. पण ती अर्धी ओळ तशीच ठेवली तर ओ_अपेंडमुळे पुढची नोंद तिला चिकटते: ५०.२१०५,हळद असला कडबा तयार होतो. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना फाइलचा शेवटचा बाइट तपासा. तो नवी ओळ नसेल तर मागे जात शेवटची नवी ओळ शोधा आणि एफट्रंकेटने फाइल तिथवर छाटा. कापलेला तुकडा मी आधी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. कोणी विचारलं तर दाखवायला हवं.

शेवटचा पावती क्रमांक ठेवणारी एक छोटी फाइल असते, ती मात्र जोडायची नसून बदलायची असते. ती ओ_ट्रंक देऊन कधीही थेट पुसून लिहू नका. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये लाइट गेली तर हातात रिकामी फाइल राहते आणि सकाळी पावत्या १ पासून सुरू होतात. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने नवी फाइल लिहा, एफसिंक करा, बंद करा, आणि रीनेमने जुन्या नावावर आणा. रीनेम एका झटक्यात होतं, त्यामुळे बघणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल दिसते नाहीतर नवी पूर्ण. मग फोल्डरवर एफसिंक. दोन्ही नावं एकाच फाइल सिस्टिमवर हवीत, पेन ड्राइव्हवर लिहून इकडे रीनेम करता येत नाही.

बंद करताना क्लोजचाही आकडा बघा. क्लोज डिस्कवर काही नेत नाही, पण आधीची राहून गेलेली चूक तिथे बाहेर पडू शकते. आणि लिनक्सवर क्लोजने ई-इंटर दिलं तरी क्लोज पुन्हा करू नका. डिस्क्रिप्टर सुटलेला असतो आणि तेवढ्यात तोच आकडा दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळाला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

तपासायचं कसं

एसट्रेस हे प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन आहे. प्रोग्रॅम त्याखाली चालवा आणि फक्त राइट, एफसिंक हे कॉल दाखवायला सांगा. प्रत्येक पोत्याला अशी जोडी दिसली पाहिजे:

राइट(३, "…", २१) = २१
एफसिंक(३) = ०

अवतरणांत 'हळद' वाचता येणार नाही. एसट्रेस ते ३४०, २४४, २७१ अशा अष्टमान आकड्यांत दाखवतं, ते तीन म्हणजे 'ह'. मजकूर ३२ बाइटनंतर तोडून दाखवतं, पूर्ण हवा असेल तर -एस देऊन मर्यादा वाढवा. एका पोत्याला दोन-तीन राइट दिसले तर ओळ तुकड्यांत जातेय.

जागा संपल्याची परीक्षा घ्यायला कार्ड भरत बसू नका. लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरात फुल नावाची एक खास फाइल असते. तिच्यात काहीही लिहा, उत्तर नेहमी ई-नोस्पेस. नोंदीच्या फाइलच्या जागी तिचं नाव द्या आणि बटण दाबा. राइटची सगळी चूक-वाट एका दमात तपासून होते: प्रिंटर गप्प राहिला पाहिजे, लाल दिवा लागला पाहिजे. मी नवीन काटा दुकानदाराच्या ताब्यात देण्याआधी हे त्यांच्या समोर करते, आणि त्यानंतर भर चालू तोलाईत संगणकाचं पिन उपटून दाखवते. परत सुरू झाल्यावर हातातल्या पट्ट्या आणि फाइलमधल्या ओळी दिवाणजींनी स्वतः एकेक करून जुळवायच्या.